पाकातले तिखट-गोड दाणे: घरच्या डब्यासाठी आणि भेटीसाठी

कढईत साखरेचा पाक रटरटत असतो, त्यात शेंगदाणे पडलेले असतात, उलथणे चालूच असते आणि आठ-नऊ मिनिटांनी तो चकाकणारा पाक डोळ्यांदेखत निस्तेज होतो, पांढुरका पडतो आणि बघता बघता त्याची कोरडी वाळू होऊन दाण्यांना चिकटते. हा पदार्थ पहिल्यांदा करणाऱ्या बहुतेकांचा धीर नेमका याच क्षणी सुटतो. पाकाची पुन्हा साखर झाली म्हणजे जिन्नस बिघडला, हे आपल्या मनावर चिक्कीने आणि गुलाबजामांनी इतके ठसवलेले असते की कोणी घाईघाईने पाणी ओतते, कोणी गॅस बंद करते, तर कोणी आधीच सावधगिरी म्हणून पाकात लिंबू पिळून ठेवते. या दाण्यांच्या बाबतीत मात्र पाकाची साखर व्हायलाच हवी. ती झाली नाही तरच जिन्नस बिघडला असे समजावे. ही एक गोष्ट ध्यानात राहिली की बाकीचे सारे काम भाजणीचे आणि संयमाचे आहे.

साखर दाण्यावर चढवण्याची ही विद्या आपल्याकडे नवी नाही. संक्रांतीचा काटेरी हलवा करताना कोमट परातीतल्या तिळावर किंवा साबुदाण्यावर एकतारी पाक चमचा-चमचा टाकून हलक्या हाताने फिरवत राहतात, आणि पाण्याचा अंश उडताच प्रत्येक दाण्याभोवती साखरेचे काटे उभे राहतात. जत्रेतली गोडीशेव हेही त्याच कुळातले. हलवाई मोठ्या कढईत शेवेवर पाक ओततो, लांब दांड्याच्या झाऱ्याने ती वरखाली करतो आणि शेव पांढरी पडली की उतरवतो. आपले दाणे याच रीतीने होतात, फक्त हलव्याला जे काम करायला दोन-तीन दिवस लागतात ते इथे अर्ध्या तासात उरकते, आणि शेवटी वरून मसाला पडतो.

प्रमाण आधी सांगून ठेवते. अर्धा किलो शेंगदाण्यांना २५० ग्रॅम साखर, १०० मिलिलिटर पाणी, एक लहान चमचा मीठ आणि शेवटी सोडायला एक चमचा साजूक तूप एवढे पुरते. मसाल्यासाठी दीड चमचा लाल तिखट, एक चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, एक चमचा आमचूर, अर्धा चमचा मिरपूड, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा दालचिनीची पूड आणि अर्धा चमचा सैंधव घ्यावे. इथे चमचा म्हणजे चहाचा चमचा. पाणी उडून जाते, म्हणून तयार माल साधारण साडेसातशे ग्रॅम भरतो आणि शंभर-शंभर ग्रॅमची सात पुडकी होतात. पहिल्यांदा करताना याहून जास्त घेऊ नये. एक किलो दाणे घरच्या कढईत नीट ढवळले जात नाहीत, तळाचे जळतात आणि वरचे ओलेच राहतात. जास्त हवे असतील तर दोन घाणे करावेत.

दाणे कसे निवडावेत

आपल्या खानदेशात भुईमूग दोनदा निघतो. खरिपाचा दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि उन्हाळी मे-जूनमध्ये. दिवाळीच्या भेटीसाठी दाणे करायचे म्हणून कौतुकाने शेतातल्या ताज्या शेंगा फोडून घेतल्या तर हमखास फसगत होते, कारण ओलसर दाणा आतून भाजला जाण्याआधीच त्याचे टरफल काळे पडते. शेंग कानाजवळ हलवून पाहावी. आतला दाणा खुळखुळ वाजला तरच ती वाळली असे धरावे. बाजारातून सोललेले दाणे घेतले तर ते एकसारख्या आकाराचे असावेत, म्हणजे भाजणी सारखी होते. परातीत पसरून एकेक मूठ नजरेखालून घालावी आणि सुरकुतलेले, काळपट, हिरवट झाक असलेले किंवा बुरशी धरलेले दाणे निर्दयपणे काढून टाकावेत. यात काटकसर करू नये. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, ते यकृताला घातक असते, आणि घरच्या भाजण्या-तळण्याने ते पूर्णपणे नाहीसे होत नाही. शिवाय एक कडू दाणा तोंडात आला की आधीचे वीस चांगले दाणे खाणारा विसरून जातो.

दाण्याचे लाल टरफल काढायचे नाही. दिसायला पांढरे दाणे सुबक वाटतात, पण गुळगुळीत पृष्ठभागावर साखर धरत नाही आणि दोन दिवसांत पापुद्रे सुटून डब्याच्या तळाशी साखरेचा चुरा साठतो. टरफलाच्या खरबरीतपणाला साखर घट्ट धरून राहते. खारे शेंगदाणे मात्र वापरू नयेत. त्यांच्यावरचे मीठ पाकात उतरते आणि मग चव आपल्या हातात राहत नाही.

भाजणी

शेंगदाणे आधी बारा आणेच भाजावेत. उरलेले चार आणे ते पाकात भाजले जातात. पूर्ण भाजलेले दाणे पाकात घातले तर साखर तपकिरी होईपर्यंत ते आतून करपतात, आणि अगदी कच्चे घातले तर साखर तयार होते पण दाणा कचकचीत राहतो. जाड बुडाच्या लोखंडी कढईत मंद आचेवर पंधरा-सोळा मिनिटे सतत हलवत राहावे. दाणे तडतडू लागले, टरफल चिमटीत सहज सुटू लागले आणि फोडून पाहिल्यावर आतला रंग हस्तिदंती दिसला की उतरवावेत. ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी १५० अंश सेल्सिअसवर अंदाजे पंधरा मिनिटे ठेवून मध्ये एकदा हलवावेत.

भडभुंज्याच्या भट्टीत दाणे गरम वाळूत भाजले जातात म्हणून त्यांना चहूबाजूंनी सारखी धग लागते. घरी तोच परिणाम खडे मिठाने साधतो. कढईत दोन वाट्या खडे मीठ चांगले तापवून त्यात दाणे घालावेत, हलवावेत आणि झाल्यावर चाळणीने चाळून मीठ वेगळे काढावे. ते मीठ डब्यात भरून ठेवले तर पुन्हा पुन्हा वापरता येते. ही माझ्या आजीची रीत. तिच्या चुलीजवळ तापमापक कधीच नव्हता, तरी तिची भाजणी चुकल्याचे मला आठवत नाही.

मसाला कोरडाच हवा

खानदेशात राहून तिखटाची चिंता करावी लागत नाही. हिवाळ्यात नंदुरबारला पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि वारा त्या बाजूचा असला तर रस्त्यानेच नाकाला कळते. घरच्या जेवणाला आपण जी झणझणीत पूड वापरतो, ती इथे निम्मी घ्यावी आणि उरलेली निम्मी रंगाची, कमी तिखट मिरचीची घ्यावी, कारण साखरेच्या आड लपलेले तिखट पहिल्या घासाला जाणवत नाही आणि चौथ्या-पाचव्या दाण्याला एकदम उसळते. भेट कोणाला जाणार आहे हेही पाहावे. पुण्या-मुंबईकडच्या मंडळींना जे तिखट लागते ते आमच्या घरातल्या मुलांना फिके वाटते.

आंबटपणासाठी आमचूर घ्यावे. धडगाव परिसरात उन्हाळ्यात घरोघरी कैऱ्या सोलून, त्यांच्या फोडी उन्हात वाळवून आमचूर केले जाते. त्या वाळक्या फोडी आणून घरी दळल्या तर त्या पुडीला जो वास येतो तो बाजारच्या पाकिटाला येत नाही. पण हे आमचूर पाकात घालू नये. कोणताही आंबट पदार्थ पाकात शिजला की साखरेच्या काही भागाचे विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात आणि मग पाकाचे दाणे धरत नाहीत. गुलाबजामाच्या पाकात आपण लिंबू पिळतो ते याचसाठी. तिथे ते उपयोगी आहे, इथे तेच घातक. आमचूर शेवटी, कोरडेच, मसाल्यासोबत पडले पाहिजे.

आणि तिखटही. हे मी अनुभवाने शिकले. एका दिवाळीला सगळा मसाला सुरुवातीलाच पाकात ढवळला, म्हणजे चव आतपर्यंत मुरेल असा माझा हिशेब होता. पाक आटत आला तशी तळाशी मिरची जळू लागली आणि असा ठसका उठला की सासूबाई, दीर, दोन्ही मुले आणि फराळाला आलेली शेजारीण अशी सारी मंडळी अंगणात जाऊन उभी राहिली. दाणे काळे झाले आणि कडू झाले. तेव्हापासून मसाल्याची वाटी मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवते आणि गॅस बंद केल्याशिवाय तिला हात लावत नाही.

एक मोह टाळावा. आपला खानदेशी काळा मसाला घालून पाहावा असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले होते. त्यात कांदा आणि खोबरे असते. खोबऱ्याच्या तेलाने साखरेचे आवरण मऊ पडते, आणि आठवडाभरात खवट वास येऊ लागतो. त्या चवीची आठवण हवी असेल तर दगडफूल, लवंग आणि धणे कोरडे भाजून, वस्त्रगाळ पूड करून तिची एक चिमूट घालावी, एवढ्यावर थांबावे. मसाला कोणताही असो, तो बारीक चाळणीतून गाळलेला असावा. जाडसर पूड दाण्यावर बसत नाही, परातीतच राहते.

पाक

आता मुख्य काम. पसरट, जाड बुडाची कढई घ्यावी. नॉन-स्टिक भांडे चालते, पण पातळ अ‍ॅल्युमिनियमचे नको. लाकडी उलथणे किंवा लांब दांड्याचा सराटा हाताशी ठेवावा, आणि ज्यात तयार दाणे ओतायचे त्या परातीला तुपाचे बोट आधीच फिरवून ठेवावे, कारण शेवटच्या अर्ध्या मिनिटात परात शोधायला वेळ मिळत नाही. शेजारी गार पाण्याचे भांडे असावे आणि मुले स्वयंपाकघराबाहेर असावीत. उकळते पाणी १०० अंशांवर असते. हा पाक शेवटी १५० अंशांच्या पुढे जातो आणि कातडीला लागला की चिकटून राहतो. चव पाहण्यासाठी बोट लावण्याची सवय ज्यांना आहे त्यांनी त्या दिवशी ती घराबाहेर ठेवून यावे. चुकून भाजलेच तर तूप, टूथपेस्ट असे काही न लावता नळाच्या वाहत्या, साध्या पाण्याखाली वीस मिनिटे हात धरावा आणि जखम मोठी असेल तर डॉक्टरांकडे जावे.

साखर, पाणी आणि मीठ कढईत एकत्र करून मध्यम आचेवर ठेवावे. साखर विरघळून उकळी आली की भाजलेले दाणे घालावेत आणि ढवळायला लागावे. सुरुवातीला पाक पातळ असतो आणि बुडबुडे लहान, चपळ असतात. पाणी उडत जाते तसे ते मोठे, संथ आणि चिकट होतात. थेंब दोन बोटांत धरला तर एकच तार येते ती या टप्प्यावर, तापमान १०५ अंशांच्या आसपास असताना. अर्थात तार पाहायची तर थेंब आधी थंड वाटीत उतरवून मगच पाहावी. पुढे गोळीबंद पाकाचा टप्पा येतो, साधारण ११५ ते १२० अंशांचा, आणि याच वेळी सतत ढवळण्याचे खरे काम सुरू होते. पाकात आता पाण्याच्या मानाने साखर इतकी जास्त झालेली असते की तिला पुन्हा स्फटिक व्हायला फक्त निमित्त हवे असते, आणि उलथण्याचा प्रत्येक फेरा, टरफलाचा प्रत्येक कण ते निमित्त पुरवतो. चिक्कीच्या पाकाला या टप्प्यावर उगाच ढवळत बसायचे नसते. इथे मात्र थांबायचे नसते. हात थांबला की कडेला एकच मोठा खडा जमतो.

मग तो क्षण येतो. आवाजावरूनही तो कळतो. इतका वेळ चाललेली बुडबुड्यांची फसफस थांबते आणि उलथण्याखाली रेती घासल्यासारखा खरखर आवाज येऊ लागतो. दाणे सुटे होतात, पांढरे दिसतात, तळाशी साखरेचा भुगा पडतो. इथे आच अगदी मंद करावी.

या ठिकाणी दोन वाटा फुटतात. ज्यांना गोडीशेवेसारखे पांढरे, रवाळ दाणे आवडतात त्यांनी दोन मिनिटे आणखी हलवून पाण्याचा उरलासुरला अंश उडवावा आणि उतरवावेत. फक्त त्यांनी दाणे आधीच पूर्ण भाजून घेतलेले असावेत, बारा आणे नव्हे. हे दाणे ठिसूळ, हलके लागतात आणि पावसाळ्यातही त्यातल्या त्यात बरे टिकतात. ज्यांना खमंग, तांबूस आणि कुरकुरीत हवे आहेत त्यांनी मंद आचेवर आणखी पाच-सहा मिनिटे हलवत राहावे. तळाचा भुगा हळूहळू वितळून मधाच्या रंगाचा होतो, तो दाण्यांवर घोळवून चढवत जायचा, पुन्हा थोडा भुगा वितळू द्यायचा, पुन्हा चढवायचा. सगळी साखर वितळण्याची वाट पाहू नये. दाण्यांचा निम्मा अंग चकचकीत आणि निम्मा खरबरीत दिसू लागला की थांबावे, कारण पूर्ण वितळलेली साखर काचेसारखी होते, दाणे एकमेकांना चिकटतात आणि हवेतला ओलावाही ती लवकर ओढते. मला स्वतःला हीच मधली अवस्था आवडते: आधी दाताखाली साखरेचा रवा येतो, मग करपूस गोडी, मग दाणा.

रंगावर नजर ठेवावी. मधाचा रंग आला की काही सेकंदांतच तो गडद होतो, आणि धूर दिसला म्हणजे उशीर झाला. गॅस बंद करून तूप सोडावे, दहापर्यंत आकडे मोजावेत आणि मग मसाला चहूकडून भुरभुरवून झपाट्याने वरखाली करावे. एवढ्या उष्णतेत मिरची आणि जिरे जळत नाहीत पण त्यांचा वास फुलतो, आणि अजून किंचित चिकट असलेल्या साखरेवर मसाला पक्का बसतो. ताबडतोब परातीत ओतून दोन काट्यांनी दाणे एकेक सुटे करावेत. यासाठी जेमतेम दोन मिनिटे मिळतात. घरात दुसरे कोणी असेल तर या कामाला बोलवावे. आमच्याकडे नणंद आणि मी परातीच्या दोन बाजूंनी बसतो आणि त्या दोन मिनिटांत एकमेकींशी बोलत नाही, जे एरवी क्वचितच घडते.

काजू, बदाम, अक्रोड आणि बिया

रीत तीच, थोडे फरक आहेत. काजू लवकर लाल होतो म्हणून तो आधी जेमतेम पाच मिनिटे भाजावा, आणि तुकडा न घेता अख्खा घ्यावा, कारण फुटक्या कडा आधी करपतात. बदाम टरफलासह दहा-बारा मिनिटे भाजावेत. त्यांच्यावर साखर फार सुरेख धरते. अक्रोडाच्या सालीत कडसरपणा असतो, तो कमी करण्यासाठी मगज दोन मिनिटे उकळत्या पाण्यात टाकून निथळावा, कापडावर पसरून पूर्ण कोरडा करावा आणि मगच भाजावा. थोडासा ओलावा राहिला तरी साखर धरायला दुप्पट वेळ लागतो. सगळे एकत्र करायचे असतील तर भाजणी प्रत्येकाची वेगळी आणि पाक एकच, असे करावे.

आमच्याकडे कानबाईच्या सणात रोटांबरोबर गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी होते तेव्हा निघणाऱ्या बिया धुऊन, वाळवून ठेवल्या तर त्याही यात चालतात. चारोळी मात्र पाकात घालू नये, ती क्षणात जळते. दोन चमचे चारोळी हलकी भाजून मसाल्यासोबत वरून टाकली तर दाण्यांना चिकटून बसते.

उपासासाठी करायचे असतील तर साधे मीठ, दालचिनी आणि आमचूर वगळून सैंधव, मिरपूड आणि घरात चालत असेल तर जिरे व लाल तिखट एवढेच घ्यावे. परदेशी पद्धतीत दाणे अंड्याच्या पांढऱ्या बलकात आणि साखरेत घोळवून ओव्हनमध्ये भाजतात. आवरण हलके आणि फुलके होते यात शंका नाही, पण आपल्याकडे भेटीचा डबा कोणकोणत्या घरांतून फिरेल याचा भरवसा नसतो, म्हणून त्या वाटेला मी जात नाही.

गुळाचे करता येतील का

हा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तर असे की येतील, पण तो वेगळा पदार्थ होईल. गुळात साखरेबरोबर ग्लुकोज-फ्रुक्टोजचा अंश आणि इतर द्रव्येही असतात. त्यामुळे त्याचा पाक असा वाळूसारखा कोरडा पडत नाही आणि हवेतला ओलावा साखरेपेक्षा भराभर ओढतो. गूळ वापरायचाच तर चिकीचा घ्यावा, पाव किलो गुळात दोन चमचे पाणी आणि एक चमचा तूप घालून कडक पाक करावा, गार पाण्यात टाकलेला थेंब कट्‌कन तुटला की गॅस बंद करून चिमूटभर खाण्याचा सोडा, पूर्ण भाजलेले दाणे आणि मसाला घालावा आणि लगेच सुटे करावेत. चव फार छान लागते. मात्र हे दाणे आठ दिवसांत संपवावेत आणि दूरच्या गावी पाठवू नयेत.

बिघडले तर

बराच वेळ ढवळूनही साखर होत नसेल तर बहुधा पाण्याचे प्रमाण जास्त झालेले असते; आच थोडी वाढवून ढवळत राहावे. पाकात आंबट काही पडले असेल तर हट्ट सोडून तो पाक कडक करावा, दाण्यांची चिक्की थापावी आणि घरच्यांना तेच करायचे होते असे सांगावे. साखर दाण्यांना न धरता सगळी तळाशी गोळा झाली, तर तीन-चार चमचे पाणी शिंपडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. साखर कितीही वेळा विरघळायला आणि जमायला तयार असते. करपलेल्या पाकाला मात्र इलाज नाही. दोन दिवसांनी दाणे चिकट झाले तर कोरड्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटे किंवा ओव्हनमध्ये १२० अंशांवर दहा मिनिटे फिरवून पूर्ण गार करावेत.

भेटीची बांधणी

पूर्ण गार होणे म्हणजे हाताला गार लागणे नव्हे. आतला दाणा बराच वेळ ऊब धरून असतो, आणि त्या उबेची वाफ बंद डब्यात साखरेला पाणी सोडायला लावते. दोन-अडीच तास उघडे ठेवून, वर फक्त पातळ कापड टाकून, मग भरावेत. फ्रिजमध्ये ठेवू नयेत. बाहेर काढल्याबरोबर दाण्यांवर दव धरते.

आपल्याकडच्या कोरड्या हवेचा या कामी मोठा फायदा आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी परत निघतात तेव्हा त्यांच्या पिशवीत पापड-कुरडयांबरोबर हे दाणेही सुखरूप जातात. मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा चाळिशीच्या वर गेला तरी साखर वितळत नाही, फक्त दाण्यांतले तेल खवट होऊ नये म्हणून डबा सावलीत, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावा लागतो. पावसाळ्याचे मात्र तसे नाही. एका श्रावणात मी मुंबईच्या बहिणीला साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून दाणे पाठवले. इथे धुळ्यात ठेवलेला उरलेला घाणा दहा दिवसांनीही कुरकुरीत होता आणि तिच्याकडे पोहोचेपर्यंत त्यांची एकसंध वीट झाली होती, जी मेहुण्यांनी खलबत्त्याने फोडून खाल्ली. तेव्हापासून दूरच्या भेटीसाठी मी घट्ट झाकणाची काचेची बरणी किंवा आतून चांदीसारखा थर असलेली, उष्णतेने तोंड चिकटवता येणारी पाकिटे वापरते आणि जून ते सप्टेंबर या काळात फक्त रवाळ दाणेच पाठवते.

जवळच्या घरी द्यायचे असेल तर स्टीलचा लहान डबा सर्वांत चांगला, कारण तो रिकामा परत येत नाही. वर्तमानपत्राच्या पुडीत काही बांधू नये. छपाईची शाई अन्नाला लागते. कागदी पुडा हवाच असेल तर आत बटर पेपर घालावा. डब्यावर केल्याची तारीख आणि आत काय काय आहे ते लिहावे, आणि शेंगदाणे, काजू, बदाम यांची नावे ठळक लिहावीत, कारण काहींना त्यांची तीव्र अ‍ॅलर्जी असते आणि मिसळणीत ते ओळखू येत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, ते घशात अडकू शकतात. त्यांच्यासाठी भरड कुटून द्यावेत. कोरड्या ऋतूत शेंगदाणे तीन आठवडे आणि काजू-बदाम महिनाभर उत्तम राहतात. अक्रोड पंधरा दिवसांत संपवावा, त्याचे तेल सर्वांत आधी खवट होते. ओळखी-पाळखीत मागणी वाढून विकायला सुरुवात करायची झाली तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी आधी करून घ्यावी.

सगळे आवरल्यावर कढईला खडखडीत चिकटलेली साखर खरवडू नये. तीत पाणी घालून उकळी आणली की ती आपोआप सुटते. आणि परातीत जो तिखट-आंबट साखरेचा भुगा उरतो तो टाकून देऊ नये. तो वेगळ्या बाटलीत भरून ठेवावा आणि केळ्याच्या किंवा पेरूच्या फोडींवर भुरभुरवावा. आमच्याकडे दाणे होण्याआधीच त्या बाटलीची चौकशी सुरू होते.